वरचा एक मीटर

हे कुणाला सांगायचं नाही असं बाबांनी मला बजावलं आहे, आणि एरवी मी न सांगण्यात चांगली आहे. आमच्या हरणमाळ शहरातून विमानतळापर्यंत जाणारी हलकी रेल्वे लोकांच्या वर्गणीतून झाली आणि ती वर्गणी पैशांची नव्हती, अंतराची होती, इथपर्यंत सगळ्यांनाच माहीत आहे. न सांगायचं ते त्याच्या पुढचं आहे.

पैशांची अडचण कधीच नव्हती. केंद्राचा हिस्सा पैशांत आला, राज्याचा पैशांत आला आणि उरलेलं एका परदेशी बँकेने कर्जाऊ दिलं. पाहणीला आलेल्या त्यांच्या साहेबांना आमच्याकडची भेळ आवडली होती. महापालिकेचा हिस्सा मात्र अंतरात भरायचा होता. गुऱ्हाळ फाट्याच्या शेवटच्या स्टेशनापासून कोल्हेटेकडीच्या विमानतळापर्यंत दहा किलोमीटरचा वाढीव मार्ग मंजूर झाला होता. रूळ, खडी, तारा, डबे हे सगळं निविदा काढली की मिळतं. लांबी मिळत नाही. ती स्थानिक पातळीवर उभी करावी लागते.

माझे बाबा, नंदकिशोर उंबरकर, महापालिकेत उपअभियंता आहेत. अंतर संकलनाचं काम त्यांच्याकडे आलं. त्या रात्री जेवताना मी म्हणाले की फाटा आणि विमानतळ यांच्यामध्ये अंतर आहेच की. माझ्या मानाने हे वाक्य मोठं होतं, त्यामुळे बाबांनी घास खाली ठेवून नीट उत्तर दिलं. ते अंतर रस्त्याचं आहे, म्हणजे बांधकाम खात्याचं, आणि एका अंतरावर दोन खाती चालत नाहीत. रस्त्याच्या बाजूला माळ आहे, पण माळावर कुणी चालत नाही. जिथे कुणी चालत नाही तिथे अंतर साठत नाही, तिथे नुसती जमीन असते. रेल्वेला वापरातलं अंतर लागतं.

"मग ते असतं कुणाकडे?" आईने विचारलं.

"सगळ्यांकडेच असतं. थोडं थोडं."

"मग गणपतीला मागतात तशी वर्गणी मागा," आई म्हणाली आणि आमटी वाढायला उठली.

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव एकमताने मंजूर झाला. त्यात आईचं नाव कुठेही नव्हतं. दूध उतू गेलं म्हणून कुणी बोललं की आई अजून त्याची आठवण करून देते.

अंतर घेण्याची पद्धत सोपी होती. बाबा दोन कर्मचाऱ्यांना घेऊन दारात जायचे. घरातला कर्ता माणूस कुठलं अंतर द्यायचं ते दाखवायचा. एक कर्मचारी टेपचं टोक या बाजूला धरायचा, दुसरा त्या बाजूला. माणूस "दिलं" म्हणाला की टेप गुंडाळायची. गुंडाळताना मधलं अंतर तिच्यात यायचं आणि दोन्ही बाजू एकमेकींना येऊन लागायच्या. टेप जड व्हायची. संध्याकाळी भांडार विभागात ते सगळं मोठ्या रिळांवर घ्यायचे आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवायचे, कारण उन्हात अंतर आक्रसतं असं भांडारपालांचं मत होतं.

लोकांनी आधी नेहमीप्रमाणे शेजाऱ्यांनी किती दिलं ते विचारलं. मग अकरा मीटर दिले. बहुतेक सगळ्यांनी अकराच दिले, कारण वर्गणी अकराच असते. दहा दिलेले बरे दिसत नाहीत. ज्यांचं दुकान होतं त्यांनी एकवीस दिले, आणि सराफ कट्ट्यावरच्या एका पेढीने एकशे एक देऊन फोटो काढून घेतला. त्यानंतर त्या पेढीचं दार आणि तिजोरी इतकी जवळ आली की त्यांना एक रखवालदार कमी करावा लागला.

आपल्याला नको असलेलं अंतर द्यायचं, हे लोकांच्या लवकर लक्षात आलं. कुणी नळापर्यंतचं दिलं, कुणी रेशनच्या दुकानापर्यंतचं. चौथ्या गल्लीतल्या दोन भावांनी आपापल्या घरांमधलं अंतर देऊन टाकलं. पंधरा वर्षं ते बोलत नव्हते. अंतर गेल्यावर दोन्ही घरांची एकच भिंत झाली आणि एकाचा रेडिओ दुसऱ्याला ऐकू येऊ लागला, तेव्हा आवाज कमी कर हे सांगण्यापुरतं त्यांना बोलावं लागलं. नगरसेवक सुदामअण्णा खिलारे यांच्याकडे बाबा गेले तेव्हा अण्णांनी मोठ्या मनाने शेजारच्या वॉर्डातलं अंतर देऊ केलं, जिथे त्यांचे विरोधक निवडून आले आहेत. ते घेता येत नाही असं बाबा म्हणाले. मग तुमच्यात आणि मतदारांत जे आहे ते द्या, असं मागून कुणीतरी म्हणालं. त्यावर अण्णा शांतपणे म्हणाले की ते अजिबात नाही, आणि बाबांनी तशी नोंद घेतली.

आमच्या शाळेने मैदानावरच्या धावपट्टीतून अकरा मीटर दिले. पट्टी पुन्हा आखायला चुना नव्हता. त्या वर्षी शंभर मीटरच्या शर्यतीत आमच्या शाळेची शेवटून दुसरी आलेली मुलगीही जिल्ह्यात पहिली आली.

या सगळ्याची नोंद हेडक्लार्क नाझरेकाका करत. नाझरेकाका आमच्याच पाटबंधारे कॉलनीत राहतात आणि कॉलनीच्या गणेश मंडळाचे खजिनदार मी जन्मले तेव्हापासून आहेत. वर्गणीचं काम त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला द्यावं असं आयुक्त मॅडमनाही वाटलं नाही. ते जाड भिंगाचा चष्मा लावून टेपकडे बघत, मान हलवत आणि लिहीत. कुणी घाई केली तर म्हणत, "वर्गणी आहे ही. घाईने घेतलेली लागत नाही."

असं करत फेब्रुवारी संपला आणि नाझरेकाकांनी बेरीज केली. किलोमीटरला थोडं कमी, एवढं अंतर अजून कमी पडत होतं.

किलोमीटर ही काही मोठी गोष्ट नाही असं मला वाटलं होतं, पण बाबांचा चेहरा तसा नव्हता. मार्चअखेर हिस्सा पूर्ण भरला नाही तर योजना पेठनगरला जाणार होती. पेठनगरने आपलं अंतर कधीच जमवून ठेवलं होतं. शिवाय योजनेबरोबर तिचा उपअभियंताही जातो, असा नियम होता. आई वर्तमानपत्रं रद्दीवाल्याला द्यायची थांबली. भांडी गुंडाळायला कागद लागतो.

पुन्हा लोकांकडे जाता येत नव्हतं. एका वर्षात एका दाराला दोनदा वर्गणी मागत नाहीत, हे नाझरेकाकांनी आयुक्त मॅडमना सांगितलं आणि त्यांनाही ते पटलं. दार न मागितलेलं असं एकच उरलं होतं, आणि ते आमचं. वर्गणी गोळा करणाऱ्याच्या घरची वर्गणी सगळ्यांत शेवटी घेतात.

आईने लगेच स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यातला बोळ दिला. तो अकरा मीटरही नव्हता, आई म्हणाली आहे तेवढा घ्या. तेव्हापासून आमच्या घरात हॉलमध्ये बोललेलं स्वयंपाकघरात ऐकू येतं आणि स्वयंपाकघरात बोललेलं माझ्या अभ्यासाच्या टेबलावर. हे पुढे कामाला येणार आहे म्हणून सांगून ठेवते.

त्यानंतर आमच्याकडे एकच अंतर शिल्लक होतं. बाबांनी ते मागितलं नाही. पण एका संध्याकाळी ते फाटकात उभे राहून कालव्याच्या वाटेकडे बघत होते, आणि मग आपल्या चपलांकडे बघत होते, आणि मी खिडकीत होते.

कालव्याची वाट म्हणजे माझा शाळेचा रस्ता. कॉलनीपासून शाळेपर्यंत ती एकच वाट होती, आणि तिच्यावरून आम्ही दोघीच जायचो, मी आणि आफरीन मुजावर. कॉलनीतली बाकीची मुलं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इंग्रजी शाळेत बसने जातात. आफरीन आमच्यापासून तिसऱ्या घरात राहते आणि पहिलीपासून माझ्या वर्गात आहे.

मला बोलायला वेळ लागतो. वर्गात माझा नंबर येईपर्यंत तास संपतो, आणि पाहुणे उठून चपला घालत असतात तेव्हा मला त्यांना काय विचारायचं ते सुचतं. कालव्याच्या वाटेवर मात्र तसं नव्हतं. शाळेच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत मी गप्प असायचे. आफरीन काही विचारायची नाही. ती बाभळीच्या शेंगा तोडायची, कालव्यात खडे टाकायची, कधी नुसती पुढे चालायची. टाकीची सावली ओलांडली की मी बोलायला लागायचे, आणि मग तिच्या दारापर्यंत थांबायचे नाही. दिवसभरातलं सगळं मी टाकी ते घर एवढ्यात बोलत असे.

नियमाप्रमाणे वाट ज्यांच्या पायांतली आहे त्या सगळ्यांची संमती लागत होती. म्हणजे आफरीनला विचारायला हवं होतं, आणि तिला विचारायला मला ती वाटच लागणार होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. टाकीपर्यंत मी गप्प होते. टाकीनंतर मी सगळं सांगितलं. पेठनगरचं सांगितलं, आईच्या वर्तमानपत्रांचं सांगितलं, बाबा चपलांकडे बघत होते तेही सांगितलं. आफरीन थांबली.

"किती देणार?" तिने विचारलं.

"सगळी."

"सगळी म्हणजे टाकीच्या अलीकडची आणि पलीकडची?"

"अलीकडची एकटी पुरत नाही."

ती थोडा वेळ हातातली शेंग सोलत राहिली. मग म्हणाली, "मग तू बोलणार कुठे गं?"

मी वळून टाकीच्या सावलीकडे बघितलं.

"हे बघ स्वरू," ती म्हणाली, "तू पेठनगरला गेलीस तर तिथे कुणाशी बोलणार नाहीस. इथे राहिलीस तर माझ्याशी बोलणार नाहीस. गप्पच बसायचं असेल तर माझ्या डोळ्यांसमोर बस. लिही माझं नाव."

बोलता बोलता आम्ही तिच्या दारात पोचलो होतो. ती आत गेली नाही. आम्ही वळून पुन्हा टाकीपर्यंत गेलो आणि टाकीपासून पुन्हा घरापर्यंत आलो, आणि असं अंधार पडून तिच्या अम्मीने हाक मारेपर्यंत केलं. इतकं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी माझा घसा बसला होता.

वाट घेतली त्या दिवशी टेपचं एक टोक मी धरलं आणि दुसरं आफरीनने. ती शाळेच्या फाटकात उभी होती, मी आमच्या. इतक्या लांबून ती मला दिसतही नव्हती. एक निळा ठिपका दिसत होता. बाबा म्हणाले, "दोघींनी म्हणायचं हं, बाळा." मी "दिलं" म्हणाले. तिकडून तीही म्हणाली असणार, कारण टेप गुंडाळली जायला लागली आणि आफरीन न चालता जवळ येऊ लागली. आधी तिच्या वेण्या दिसल्या, मग चेहरा, मग ती माझ्यासमोर होती. आम्ही टेपची टोकं बाबांना दिली आणि हसलो.

टाकी तेवढी जागेवर राहिली. ती पाणीपुरवठा विभागाची आहे, त्यामुळे तिला हात लावता येत नव्हता. आता तिचे दोन पाय शाळेच्या आवारात आहेत आणि दोन आमच्या. कालव्यात पाणी पूर्वीइतकंच येतं आणि कालवा मात्र आखूड झाला आहे, म्हणून ते आमच्यासमोरून घाईघाईने जातं.

शाळा एका पावलावर आली. मी घंटा ऐकून पोळीचा शेवटचा घास घेते. इतिहासाच्या तासाला देवरुखकर बाईंनी सनावळी विचारली की स्वयंपाकघरातून आई उत्तर देते, आणि ते बहुधा बरोबर असतं. सहामाहीच्या काळात मुख्याध्यापकांनी आईला कुकरच्या तीनपेक्षा जास्त शिट्ट्या करू नयेत अशी विनंती केली. आईने ती मान्य केली आणि त्या आठवड्यात आम्ही अर्धीकच्ची डाळ खाल्ली.

आफरीन आणि मी शाळेतून निघायचो आणि पोचायचो. मधे काही नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत तिचं दार यायचं. आम्ही कॉलनीच्या बागेत फेऱ्या मारून बघितल्या, पण गोल चालण्यात टाकी येत नाही. आफरीन म्हणाली की टाकी इथेच आहे, हिच्याभोवती फिरू, आणि आम्ही फिरलोही. पण टाकीभोवती फिरलं की माणूस तिच्या अलीकडेही नसतो आणि पलीकडेही नसतो. मी गप्प राहिले. ती म्हणाली, "राहू दे." मग रोज दारातून मला हात करायची, आणि मी तिला.

बाबांची बदली झाली नाही. आईने वर्तमानपत्रं रद्दीत दिली.

पावसाळा संपल्यावर मार्ग टाकायला सुरुवात झाली. ज्या क्रमाने अंतर जमा झालं त्याच क्रमाने रिळं सोडायची असा ठेकेदाराशी करार होता. फाट्यापासून एकेक रीळ उलगडत माणसं माळावरून पुढे सरकत होती आणि मागून रूळ येत होते. दिवाळीनंतर ते विमानतळाच्या दारात पोचले. दरवाजापाशी स्टेशन बांधून तयार होतं, फलाटावर बाकं ठेवलेली होती, आणि एक भरलेलं रीळ शिल्लक होतं.

त्या रात्री बाबा स्वयंपाकघरात आईशी हळू बोलले. हळू बोललेलंही आमच्याकडे आता टेबलावर ऐकू येतं.

आयुक्त मॅडम, लेखाधिकारी, बाबा आणि नाझरेकाका त्या शिल्लक रिळाभोवती उभे होते. बाबांनी सगळं पुन्हा मोजलं होतं. मोजणी बरोबर होती आणि अंतर जास्त होतं. शेवटी मॅडमनी नाझरेकाकांना विचारलं की अकरा मीटर आले की तुम्ही किती लिहीत होता.

"दहा," नाझरेकाका म्हणाले.

"अकरा का नाही?"

"वरचा एक शुभाचा असतो, मॅडम. तो देवाचा. तो हिशेबात धरत नाहीत." त्यांना प्रश्नच नीट कळला नव्हता असं बाबा म्हणाले. "मंडळात आम्ही त्या वरच्या एकांतून नारळ आणतो."

एकवीसचे त्यांनी वीस लिहिले होते आणि एकशे एकचे शंभर. हजारभर घरांचे वरचे एक एक मीटर कुठेही न लिहिता रिळांवर चढले होते. ते सगळे मिळून माझ्या वाटेएवढे होते. मार्चमध्ये काहीच कमी पडत नव्हतं. कालव्याची वाट सगळ्यांत शेवटी घेतली होती, म्हणून सगळ्यांत शेवटी तीच उरली.

मॅडमनी ती परत करता येईल का असं विचारलं. लेखाधिकारी म्हणाले की अंतर जमा करण्याचं लेखाशीर्ष आहे, परत करण्याचं नाही. शिवाय एकाला परत केलं तर हजार माणसं आपापला एक मीटर मागायला येतील, आणि चालू रेल्वेतून एकेक मीटर कापून देता येत नाही. नाझरेकाकांचंही मत विचारलं. ते म्हणाले की वाहिलेलं परत घेत नाहीत, पण वाया जाऊ देऊ नये.

बाबांनी नकाशा घेतला आणि मार्गाला वळण दिलं. आता गाडी विमानतळाच्या दारापाशी येते, प्रवासी उठून बॅगा हातात घेतात, आणि मग गाडी डावीकडे वळून कोल्हेटेकडीला पूर्ण प्रदक्षिणा घालते आणि पुन्हा दारापाशी येऊन थांबते. माहितीपत्रकात याला निसर्गदर्शन म्हटलं आहे. ती प्रदक्षिणा म्हणजे माझी वाट.

"स्वरूपाला कळू देऊ नका," आई म्हणाली.

"तिला कळलं असेल," बाबा म्हणाले, आणि मोठ्याने म्हणाले, "कळलं ना, बाळा? कुणाला सांगायचं नाही. आफरीनला तर नाहीच. मनापासून दिलंय तिने."

मी टेबलावरून "हो" म्हणाले.

उद्घाटनाच्या दिवशी अण्णा खिलाऱ्यांनी फीत कापली आणि भाषणात हे अंतर आपण दिल्याचं सांगितलं. त्यानंतर मी आणि आफरीन पहिल्याच गाडीत बसलो. आता आम्हाला स्टेशनावर जायला दूर जावं लागत नाही. सगळ्यांनी अंतर दिल्यामुळे शहर आत ओढलं गेलं आहे आणि गुऱ्हाळ फाट्याचं स्टेशन आमच्या कॉलनीच्या मागेच आलं आहे.

अंतर जुन्या सवयी सोडत नाही हे त्या प्रवासात सगळ्यांच्या लक्षात आलं. सुरुवातीला मंडईच्या गल्लीचं अंतर आहे, तिथे डब्यात कोथिंबिरीचा वास येतो आणि बायका पिशव्या चाचपतात. सरकारी दवाखान्याच्या बोळाचं येतं तिथे लोक आपोआप हळू बोलतात. चौथ्या गल्लीतल्या भावांच्या अंतरावर शेजारी शेजारी बसलेली माणसं तोंडं फिरवतात, आणि तेवढा तुकडा संपला की एकमेकांना रेडिओचा आवाज कमी करायला सांगतात, रेडिओ नसला तरी. शाळेच्या धावपट्टीवर गाडी एकदम सुसाट सुटते आणि पुढे जरा दम खात चालते. प्रशासनाने या सगळ्याचे फलक लावले आहेत.

मग विमानतळाचं दार आलं, सगळे उठले, गाडी वळली आणि सगळे पुन्हा बसले. प्रदक्षिणा सुरू झाली तसा डबा गप्प झाला. पूर्ण गप्प. मोबाईलवर बोलणाऱ्यांनीही फोन खाली घेतले. आफरीन काही विचारत नव्हती. ती खिडकीच्या काचेवर नखाने रेघा ओढत होती. टेकडीच्या मागे गाडी पोचली. तिथे टाकी नाही, नुसता खडक आहे, पण एक सावली डब्यातून सरकत गेली, आणि मी म्हणाले, "तुझ्या वेण्या आधी दिसल्या होत्या."

"कधी?" आफरीन म्हणाली.

मी सांगायला लागले. आणि मी एकटीच नव्हते. समोर एक गृहस्थ बसले होते, मुलाला दुबईला सोडायला निघालेले. तो मुलगा आणि ते फाट्यापासून एक अक्षर बोलले नव्हते. सावली गेल्यावर त्या गृहस्थांनी घसा साफ केला आणि तिकडे गेल्यावर वेळेवर जेवत जा असं सांगितलं, आणि मग बरंच काही सांगितलं, आणि मुलगा बॅग मांडीवर घेऊन ऐकत राहिला. सबंध डबा बोलत होता. गाडी थांबल्यावर कुणाला लवकर उतरता येईना. आता विमानतळावर एक सूचना लावली आहे की प्रवाशांनी बोलण्यासाठी जास्तीची दहा मिनिटं हातात ठेवून निघावं.

तेव्हापासून आम्ही दोघी दर शनिवारी विमानतळावर जातो. बाबांच्या पासवर घरचं एक माणूस आणि त्याच्याबरोबर एक जण चालतो. दारावरच्या सुरक्षारक्षक मावशी आम्हाला ओळखतात. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "पोरींनो, तिकीट कुठलं?" आफरीन म्हणाली, "परतीचं." त्यांनी पास बघितला आणि मान हलवली. आम्ही फलाटाच्या बाकावर बसून डब्यातले शेंगदाणे खातो, एखादं विमान उठताना बघतो आणि पुढच्या गाडीने परत येतो. परतताना प्रदक्षिणा उलटी होते, त्यामुळे मी आधी बोलते आणि सावलीनंतर गप्प होते. आफरीनला ते चालतं. ती म्हणते, तेवढ्यात मी झोपून घेते.

इतक्या शनिवारांत मी तिला सगळं सांगितलं आहे, हे एक सोडून. दर वेळी सावली जाते आणि ते जिभेवर येतं, आणि बाबांचं मनापासून दिलंय तिने हे वाक्य आठवतं, आणि मी दुसरंच काहीतरी बोलते. पण ज्या वाटेवर मी फक्त खरं बोलायचे त्या वाटेवर मला आता एका गोष्टीला वळसा घालून जावं लागतं, आणि वळसा तर गाडी आधीच घालते आहे. म्हणून आज सांगायचं असं मी ठरवलं आहे. आधी हे इथे लिहून बघते, म्हणजे शब्द हाताशी राहतील. तिने दिलेल्या वाटेची गरज नव्हती, असं मी सरळ सांगणार आहे. ती कदाचित चिडेल. कदाचित आपली अर्धी वाट परत मागेल, आणि तिला लेखाशीर्ष समजावून सांगणं मला जमणार नाही. पण ती चिडली, तर टेकडीचं वळण संपायच्या आत मला तिला हेही सांगायचं आहे की गरज नव्हती हे त्या दिवशी टाकीपाशी मला माहीत असतं, तरीसुद्धा मी तिच्याबरोबर अंधार पडेपर्यंत

आले गं आफरीन, आले. हळू ओरड, पलीकडे देवरुखकर बाईंचा जादा तास चालू